आर्वीची गाडी पुन्हा चालवायची तर...

आर्वीला रेल्वे आहे का, असे आज शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाला विचारले तर तो नाही म्हणेल. हाच प्रश्न त्याच्या आजोबांना विचारला तर ते म्हणतील, होती की! दोन्ही उत्तरे खरी आहेत. १९१७ साली पुलगावपासून आर्वीपर्यंत ३५ किलोमीटरची नॅरोगेज लाइन सुरू झाली. सोरटा, विरूळ, रोहणा ही गावे घेत लहानशी गाडी कापसाच्या मुलखातून आर्वीला पोहोचायची. लोक तिला लाडाने शकुंतला म्हणत. आज ती धावत नाही. आजोबांची ‘होती’ आणि नातवाचे ‘नाही’ यांच्यामध्ये बरेच काही हरवून गेले आहे. गंमत अशी की ते शोधून काढण्याचे एक साधन नातवाच्याच हातात आहे. ते साधन म्हणजे संगणकावरचा आगगाडीचा खेळ.

खेळ म्हटले की घराघरांतून कपाळाला आठ्या पडतात. त्या अगदीच अकारण नसतात. पण हा खेळ जरा निराळ्या जातीचा आहे. यात कुणाला मारायचे नसते, कुणाच्या पुढे पळायचे नसते. इंजिनात बसायचे, सिग्नल पाहायचा, वेग सांभाळायचा आणि गाडी वेळेवर फलाटाला लावायची, एवढेच. इंजिनचालकांच्या प्रशिक्षणासाठी रेल्वे जे सिम्युलेटर वापरते, त्याचाच हा घरगुती भाऊ म्हणा ना. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ साली बाजारात आला. त्यात सहा मार्ग होते. अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, इंग्लंडमधला एक आणि ऑस्ट्रियातला एक. भारतातला एकही नव्हता. मात्र खेळासोबतच नवा मार्ग तयार करण्याची साधनेही दिलेली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून ‘ट्रेन्झ’ नावाचा दुसरा खेळ आला. त्यातही स्वतःचे रूळ स्वतः टाकण्याची सोय होती.

मग जे व्हायचे तेच झाले. आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांनी ओळखीची इंजिने, निळे डबे, पिवळ्या पाट्या करायला घेतल्या आणि हळूहळू भारतीय मार्गही तयार होऊ लागले. पुढे २००९ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम मध्येच गुंडाळले. तरीही जुन्या मार्गांचे नुकसान झाले नाही. ‘ओपन रेल्स’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम हौशी मंडळींनी मिळून उभा केला आणि जुने मार्ग त्यावर चालू लागले. मार्ग बांधण्यासाठी ‘टीएसआरई’ नावाचे साधनही असेच फुकट मिळते. म्हणजे पैशांची अडचण फारशी नाही. लागते ती चिकाटी, आणि आपल्या गावाची माहिती. यातली दुसरी गोष्ट विकत मिळत नाही.

लहान मार्गच का?

नवशिक्या माणसाला पहिला मोह होतो तो मोठ्या मार्गाचा. वर्धेच्या मुलाला वाटते, आपण थेट नागपूर ते मुंबई करू. इतका लांब मार्ग घेणाऱ्याचे काम बहुधा अजनी, खापरी, गुमगाव करता करता बुटीबोरीच्या आतच दमते. पुलगाव-आर्वीसारखी लाइन शिकण्याला उत्तम. दोन टोके स्पष्ट, मधली स्टेशने मोजकी, एकेरी रूळ. मायक्रोसॉफ्टच्या खेळात जमीन दोन किलोमीटरहून किंचित मोठ्या चौकोनांत विभागलेली असते. तेव्हा सगळी मिळून वीस-पंचवीस चौकोनांत ही लाइन बसावी. त्यातही पहिल्या सुटीत पुलगावचे स्टेशन आणि त्यापुढचा एक किलोमीटर नीट झाला तरी पुष्कळ झाले.

काम सुरू करण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे काळाचा. कोणत्या सालातली लाइन करायची? वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण इथे रेल्वेने गावांची नशिबे बदलली आहेत. १८६२ साली हा जिल्हा झाला तेव्हा कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. १८६६ साली ती पालकवाडी या खेड्याच्या जागी हलवली आणि तिथे वर्धा शहर वसले. दुसऱ्याच वर्षी, १८६७ साली, भुसावळकडून येणारी मोठी लाइन नागपूरपर्यंत पोहोचली. म्हणजे शहर आणि रेल्वे जवळजवळ जुळी भावंडेच. आज आपण ज्याला सेवाग्राम स्टेशन म्हणतो, ते पूर्वी वर्धा ईस्ट होते. सेवाग्राम गावाचेही मूळ नाव सेगाव. गांधीजी तिथे राहायला आल्यावर त्यांची पत्रे शेगावला जाऊ लागली, कारण शेगाव हे रेल्वेचे नाव असलेले मोठे गाव. अखेर १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. तेव्हा पडद्यावरच्या स्टेशनाची पाटी रंगवायची, तर आधी साल ठरवावे लागते. नाहीतर वाफेच्या इंजिनामागे आजची पाटी झळकेल आणि जाणत्याला हसू येईल.

पुलगाव-आर्वी लाइनीला तिचा स्वतःचा इतिहास आहे. १९१० साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन. कंपनीचा कारभार मुंबईची किलिक निक्सन ही ब्रिटिश पेढी पाहायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर या तिच्या थोरल्या बहिणी. गाड्या चालवण्याचे काम जीआयपी रेल्वेकडे आणि नंतर मध्य रेल्वेकडे होते. कापूस शेतातून जिनांत, जिनांतून मोठ्या लाइनीवर आणि तिथून मुंबईच्या बंदरात जावा, हा सगळ्या खटाटोपाचा हेतू. यवतमाळच्या लाइनीवर मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. सत्तर वर्षे एकाच इंजिनाने संसार ओढला. आपल्याकडे बैलालाही इतके दिवस कुणी जुंपत नाही!

आकाशातून आलेली जमीन

काळ ठरला की जमीन. पूर्वी मार्ग करणारे नकाशावरच्या उंचीच्या रेषा पाहून हाताने जमीन उचलत. आता ती आकाशातून येते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फेऱ्या मारून रडारने जमिनीची उंची मोजली. जगातल्या सुमारे ऐंशी टक्के भूभागाची ही मोजणी सर्वांसाठी खुली आहे. आपल्याकडच्या भागाची माहिती आधी दर ९० मीटरला एक आकडा अशी मिळत होती. २०१४ नंतर ती दर ३० मीटरला एक अशी मिळू लागली. ती फाइल साधनात घातली की विरूळ-रोहण्याचा चढउतार पडद्यावर क्षणात उभा राहतो. बघणाऱ्याला वाटते, झाले काम!

खरे काम इथून सुरू होते. आकाशातल्या रडारला झाडाचा शेंडाही जमिनीसारखाच दिसतो. उलट नॅरोगेजचा भराव असतो जेमतेम काही मीटर रुंद. तीस मीटरच्या चाळणीतून तो सरळ गळून पडतो. आता हिशेब बघा. शेजारशेजारच्या दोन आकड्यांत तीन मीटरची चूक निघाली, तर तीस मीटरला तीन मीटर, म्हणजे दहाला एक असा चढ झाला. बोरघाटात आपली गाडी मागून जोर लावणारी इंजिने घेऊन चढते, तो चढ सदतीसला एक आहे. तेव्हा आकाशातून आलेल्या जमिनीवर जसेच्या तसे रूळ टाकले, तर आर्वीची गाडी जत्रेतल्या पाळण्यासारखी वरखाली होईल.

यावर उपाय एकच. रूळ टाकणाऱ्या जुन्या इंजिनिअरने जसा विचार केला, तसा आपण करायचा. त्याला पैसा वाचवायचा होता. म्हणून त्याने रुंद रुळांऐवजी अडीच फुटी रूळ निवडले, उंचवटा टाळून वळण घेतले, नाल्यावर मोठ्या पुलाऐवजी मोरी बांधली. चढ सौम्य ठेवला, कारण इंजिन लहान होते. मग पडद्यावरही कुठे भराव घालायचा, कुठे खोदायचे आणि कुठे वळायचे हे ठरवताना तोच हिशेब मनात येतो. शाळेत भूमितीचा कंटाळा करणारा मुलगा इथे वळणाची त्रिज्या आपणहून काढू लागतो, कारण त्रिज्या चुकली तर त्याची गाडी रुळांवरून घसरते. परीक्षेतला भोपळा त्याला इतका कधी झोंबला नसेल!

पडताळा घ्यायला आणखी साधने आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. त्यावर नाले, पाणंदी, विहिरी असतात. शिवाय एक साधन अगदी डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसत नाही. स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. हजारो माणसे रोज त्या आकड्यासमोर चहा पितात. मार्ग करणारा मात्र तो वहीत टिपून घेतो, कारण त्याच्या जमिनीचा खरेखोटेपणा त्या आकड्यावर तपासता येतो.

रूळ, सांधे आणि एक विसरलेला कंस

रूळ टाकण्याच्या दोन तऱ्हा आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खेळात रुळांचे तयार तुकडे असतात, ठरावीक लांबीचे आणि ठरावीक वळणाचे. ते एकाला एक जोडत जायचे. ट्रेन्झमध्ये रूळ दोऱ्यासारखा ताणता येतो. पहिली तऱ्हा ठोकळ्यांची, दुसरी मातीची. शिवाय तयार तुकडे परदेशी मापाचे, म्हणजे १४३५ मिलिमीटरचे. आपले ब्रॉडगेज १६७६ आणि आर्वीचे नॅरोगेज ७६२ मिलिमीटर. म्हणजे रूळही नवे घडवावे लागतात, किंवा कुणी घडवलेले शोधावे लागतात.

पुलगावसारख्या ठिकाणी तर दोन घरांचा शेजार आहे. एकीकडे मुंबई-हावडा मोठी लाइन, वर विजेच्या तारा, लाल, पिवळे, दोन पिवळे आणि हिरवे दिवे. दुसरीकडे लहान लाइनीचे साधे यार्ड. दोघांची मापे वेगळी, म्हणून एका लाइनीचा डबा दुसरीवर जात नाही. आर्वीचा माल पुलगावला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावाच लागे. ही हमालांची मेहनत कोणत्याही रुळाच्या तुकड्यात नसते. पण दोन लाइनींच्या मधला माल चढवण्याचा धक्का पडद्यावर मांडताना ती आपोआप लक्षात येते. छोटी लाइन स्वस्तात बांधली, त्याची किंमत पुढे रोज कुणीतरी पाठीवर वाहिली.

सिग्नल बसवणे हे सर्वांत किचकट काम. कोणता दिवा केव्हा लागावा, हे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावे लागते. एक कंस बंद करायचा राहिला की खेळ उघडतच नाही. मग रात्र रात्र ती फाइल ओळीओळीने वाचायची. कुणी म्हणेल, यातून काय मिळाले? संगणकाचे शास्त्र शिकवणारे शिक्षक याच चिकाटीसाठी मुलांच्या मागे लागलेले असतात. इथे ती गाडीच्या ओढीने येते.

पाइनच्या जागी कडुनिंब

मग येते सजावट, आणि इथे वर्धेचा माणूस एकदम पुढे सरकतो. तयार झाडे असतात ती पाइन, ओक यांची. ती रोहण्याला लावली तर गाडी स्कॉटलंडला पोहोचल्यासारखी वाटेल. आपल्याला हवा कडुनिंब, बाभूळ, फाल्गुनात पेटलेला पळस. आर्वीच्या बाजूला संत्र्याच्या बागा हव्यात. जमीन काळी हवी आणि तीही महिन्यामहिन्याला वेगळी. मे महिन्यात भेगाळलेली, ऑगस्टमध्ये हिरवीगार, दिवाळीनंतर पऱ्हाटीवर पांढरा कापूस फुटलेला. मध्ये तुरीच्या ओळी. धुऱ्यावर एखादी बंडी उभी. हे सगळे मिळवायचे तर घराबाहेर पडून फोटो काढावे लागतात. पडद्याला खिळलेल्या मुलाला पडदाच शेतात पाठवतो, हा या छंदाचा मोठाच उपकार.

इथे आईवडिलांनी एक गोष्ट बजावून सांगावी. रुळांवरून चालत मोजमाप घेणे हा रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि कायद्यापेक्षाही ते जिवावरचे आहे. बंद लाइनीची जमीनसुद्धा मोकळी वाट नव्हे. रस्त्यावरून, फाटकाबाहेरून, पुलावरून, नाहीतर प्रवासात खिडकीतून जे दिसते तेवढे पुरते. आणि पुलगावच्या परिसरात लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा साठा आहे. त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. पडद्यावर तिथे नुसते गवत उगवू द्यावे. शहाणा नकाशाकार काय दाखवावे इतकेच काय सोडावे, हेही जाणतो.

जे नकाशात नाही

एवढे सारे झाले तरी एक गोष्ट राहते, आणि तीच खरी. गाडी विरूळला किती वेळ थांबायची? सकाळची आर्वीहून किती वाजता सुटायची? चढावर पोरे उतरून पुन्हा धावत चढायची, ही ऐकीव गोष्ट की खरी? स्टेशनमास्तरांची खोली कोणत्या बाजूला होती? तिकिटाची खिडकी किती उंच होती? नळ कुठे होता? फलाटावर झाड होते ते वडाचे की निंबाचे? अवकाशयानाच्या रडारला यातले काही दिसले नाही. सर्व्हेच्या नकाशात हे नाही. गॅझेटियरमध्ये लाइन आहे, पण नळ नाही. हे फक्त माणसांजवळ आहे. त्या गाडीने शाळेला गेलेली, बाजाराला गेलेली, लग्न होऊन सासरी आलेली माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. दरवर्षी त्यांची संख्या कमी होते आहे. इमारतीचे दगड तरी पडून राहतात, आठवणीचे दगड मागे राहत नाहीत.

म्हणून मार्ग बांधणाऱ्या मुलाचे खरे हत्यार संगणक नसून वही आहे. “आजी, तुम्ही पहिल्यांदा त्या गाडीत कधी बसलात?” असा एक प्रश्न विचारून गप्प बसावे. उत्तर अर्ध्या तासाने संपेल. दोन माणसे दोन गोष्टी सांगतील. एकजण झाड डावीकडे म्हणेल, दुसरा उजवीकडे. अशा वेळी पुढचा नियम पाळावा. जे मोजले ते ‘मोजलेले’ म्हणून, जे ऐकले ते ‘ऐकलेले’ म्हणून आणि जे आपण कल्पनेने भरले ते ‘कल्पनेने’ म्हणून वहीत वेगळे लिहावे. मार्गासोबत ही नोंदही द्यावी. कारण पडदा फार गोड बोलतो. सुबक रंगवलेले खोटे स्टेशन दहा वर्षांनी खरे ठरते, आणि मग ते खोडून काढायला कुणी साक्षीदार उरत नाही.

अर्थात, या छंदाची मर्यादाही ओळखली पाहिजे. पडद्यावरच्या गाडीने आर्वीचा एक क्विंटलही कापूस हलत नाही, की एखादा रुग्ण वर्धेच्या दवाखान्यात पोहोचत नाही. आर्वीकरांची मागणी ब्रॉडगेजची आहे, आठवणींची नव्हे, आणि ती रास्तच आहे. वर्धा-नांदेड या नव्या लाइनीचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि देवळीच्या लोकांनी आपल्या गावात गाडी आलेली पाहिली. आर्वीलाही तशी गाडी यावी. मात्र ती आली की नव्या भरावाखाली, नव्या फलाटाखाली जुन्या अडीच फुटी लाइनीच्या उरल्यासुरल्या खुणाही जातील. नवे आले की जुने जाणारच, त्याचे दुःख करू नये. जाण्याआधी त्याची नोंद झाली नाही, तर मात्र ते दुःख आपलेच.

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत एखाद्या घरी मूल संगणकासमोर बसलेच, तर त्याला लगेच उठवू नका. फक्त त्याच्या हातात एक वही द्या आणि सोरट्याला, विरूळला, रोहण्याला कुणी ओळखीचे असेल तर त्यांचा पत्ता द्या. मुलगा चार दिवस फिरून येईल. एक किलोमीटर रूळ टाकेल, एक मोरी बांधेल, एका फलाटावर एक कडुनिंब लावेल. तो कडुनिंब कुणाच्या सांगण्यावरून लावला, हे त्याच्या वहीत लिहिलेले असेल. एवढे झाले तरी वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात एका खऱ्या ओळीची भर पडली म्हणायची.